लपवलेला ताप

आमच्या घरात अंडं येत नाही. आजोबांच्या काळापासून नाही. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात होते, वडील शाळेत शिकवायचे आणि मी पशुवैद्य झालो. सात वर्षं सरकारी दवाखान्यात गाई-म्हशी तपासल्या. नव्वदनंतर हैदराबादच्या आजूबाजूला मोठमोठे मुर्गीफार्म उभे राहू लागले, तेव्हा नोकरी सोडून एका खाजगी कंपनीत गेलो. वडील म्हणाले, "सरकारी शिक्का सोडून कोंबड्यांचा डॉक्टर होणार?" मी हो म्हटलं. पुढे त्याच नोकरीवर नल्लकुंट्यातला फ्लॅट झाला. अंडं मात्र आत आलं नाही. फार्मवरून आलो की आई मला आधी न्हाणीघराकडे बोट दाखवायची.

हे सांगतो अशासाठी की मी कोंबडीच्या रोगाचा संशयित म्हणून इस्पितळात निघालो, तेव्हा आईचं पहिलं वाक्य होतं, "ज्या घरानं कधी कोंबडी खाल्ली नाही, त्या घरात कोंबडीचा ताप!" माझ्या छातीत तेव्हा सुया टोचत होत्या, तरी मला हसू आलं.

असा रोग पुन्हा येईल. पाखरांतून गुरांत, गुरांतून माणसांत कसा जातो, याची माहिती तेव्हा भरपूर मिळेल. माझ्याकडे सांगण्यासारखी वेगळी गोष्ट आहे. सगळी माहिती असलेला माणूससुद्धा ताप आल्यावर खोटं बोलतो. मी बोललो.

सीमेवर

ज्या वर्षी बर्ड फ्लू आपल्या देशात पहिल्यांदा आला, त्या वर्षीची ही गोष्ट. महाराष्ट्र आणि गुजरातच्या सीमेवरच्या एका तालुक्यात फार्मवरच्या कोंबड्या पटापट मरू लागल्या होत्या. नमुने तपासले, रोग निघाला. सगळ्या कोंबड्या मारून पुरायचं ठरलं. आमच्या कंपनीची पिल्लं त्या भागात जात असत, म्हणून सरकारी पथकांच्या मदतीला डॉक्टर पाठवायचे होते. साहेबांनी मला बोलावलं. ते गुंटूरकडचे. म्हणाले, "तुमची मराठी आहे ना घरची? मग तुम्हीच जा."

वैजयंतीला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं. ती बरकतपुऱ्याच्या एका शाळेत गणित शिकवते. पेपर तपासता तपासता म्हणाली, "दुसरं कुणी नाही का?"

"मराठी येणारं नाही."

"पल्लवीची दहावी आहे."

"आठ दिवसांचं काम आहे."

बॅग तिनेच भरली.

तिथे गेल्यावर कळलं की माझी मराठी त्यांना फारशी उपयोगाची नाही. एका शेडवर मी "काय करूलालात?" असं विचारलं तर चार माणसं एकमेकांकडे बघून हसली. "साहेब, तुम्ही कुठले?" मी हैदराबाद म्हटल्यावर एकजण म्हणाला, "तरीच." त्या आठ दिवसांत मी ऐकलेलं तेवढंच हसणं.

कामाबद्दल थोडक्यात सांगतो. पांढरा प्लास्टिकचा पोशाख, डोळ्यांवर गॉगल, तोंडावर मास्क, दोन-दोन हातमोजे. फेब्रुवारी असला तरी दुपारी आत घामाच्या धारा लागायच्या. रोज सकाळी प्रतिबंधक गोळी मिळायची, ती मी न चुकता घेतली. चौथ्या दिवशी दुपारी मात्र डोकं गरगरायला लागलं. शेडच्या मागे गेलो, मास्क हनुवटीखाली ओढला आणि दहा मिनिटं नुसता श्वास घेत उभा राहिलो. समोर चुना टाकलेला खड्डा होता. परत जाऊन कामाला लागलो. हे कुणाला सांगितलं नाही.

एका वस्तीत एका म्हातारीने सात कोंबड्या टोपलीखाली लपवल्या होत्या. मी टोपली उचलली तेव्हा ती म्हणाली, "आजारी नाहीत साहेब. बघा, दाणे खात्यात." खरंच खात होत्या. मी तिला सांगितलं, "आजी, लपवलं म्हणून रोग लपत नाही." ती खाली बसली आणि मी सातही कोंबड्या पोत्यात घालायला लावल्या. माझं काहीच चुकलं नव्हतं. आजही तेच करीन.

सोमवार, मंगळवार

परतल्यावर दहा दिवस देखरेख. घरातच राहायचं, ताप, खोकला, घसादुखी काही झालं तर लगेच कळवायचं. अंबरपेठच्या आरोग्यकेंद्रातून माणिक्यम्मा नावाच्या बाई रोज संध्याकाळी पाच वाजता यायच्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, खांद्यावर कापडी पिशवी. थर्मामीटर झटकायचा, माझ्या जिभेखाली ठेवायचा, दोन मिनिटांनी वाचून वहीत लिहायचं. तेलुगूत म्हणायच्या, "सार्, एम् कादु." म्हणजे काही होत नाही. जाताना आईच्या हातचा चहा प्यायच्या. आईला कमी ऐकू येतं आणि तेलुगू तर मुळीच धड येत नाही, तरी दोघींचं छान जमायचं.

पाच दिवस असे गेले. सहाव्या दिवशी, सोमवारी, दुपारच्या जेवणानंतर अंग मोडून आलं. कपाटातला थर्मामीटर लावला. शंभर पॉइंट चार.

मी थर्मामीटर धुतला, पुसला, जागेवर ठेवला. पलंगावर बसलो. पुढे काय होणार ते मला पायरीपायरीने ठाऊक होतं. रुग्णवाहिका. पांढऱ्या पोशाखातली माणसं. दारावर कागद. वैजयंती, पल्लवी, आई घरात कोंडलेल्या. पल्लवीची परीक्षा तीन आठवड्यांवर. बातम्यांचे नवे चोवीस तास चालणारे चॅनेल तेव्हा शहरात चार-पाच झाले होते. त्यांच्या गाड्या आमच्या गल्लीत. शिवाय साधा ताप असेल, ही शक्यताही होतीच. हवा बदलत होती. प्रवासाचा शीण होता. एखाद्या कुक्कुटपालकाने मला हीच कारणं सांगितली असती तर मी त्याच्या तोंडावर फाईल आपटली असती.

चार वाजता तापाची एक गोळी घेतली. पाचला माणिक्यम्मा आल्या. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा.

"एम् कादु," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी बरं वाटलं म्हणून मी पल्लवीला शेजारी बसवून जीवशास्त्राचे दोन धडे शिकवले. तिला श्वसनसंस्था समजत नव्हती. वहीत फुप्फुसाची आकृती काढून दिली.

मंगळवारी ताप जास्त होता. साडेतीनला गोळी घेतली. माणिक्यम्मांनी नव्व्याण्णव लिहिलं, माझ्याकडे जरा बघितलं आणि विचारलं, "बरं आहे ना सार्?"

मी म्हटलं, "उकडतंय जरा."

बुधवार

बुधवारी सकाळी दात घासताना जिना चढल्यासारखा दम लागला. आरशात ओठ निळसर दिसले. पुढे लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आरोग्यकेंद्राला मीच फोन केला.

गाडी दहा वाजता आली. दोन मजले मी आपल्या पायांनी उतरलो, प्रत्येक वळणावर थांबत. वाटेतली दारं किलकिली होऊन बंद होत होती. मी निघताना पल्लवी आमच्या दारात उभी होती. वैजयंतीने तिचा दंड धरून तिला मागे ओढलं, तेव्हा मला पहिल्यांदा नीट समजलं की मी काय केलं होतं.

शहराबाहेरच्या बाजूला छातीच्या विकारांचं जुनं सरकारी इस्पितळ आहे. तिथे एक बैठा वॉर्ड या रोगासाठी रिकामा ठेवला होता. मी तिथला पहिला रुग्ण. घशातून काडी फिरवून नमुना घेतला, रक्त घेतलं, एक्स-रे काढला. ड्यूटीवरची डॉक्टर तरुण होती. गॉगलमागे नुसते डोळे दिसायचे.

"उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया आहे," ती म्हणाली. "कशामुळे ते नमुन्यावरून कळेल. नमुने पुण्याला जातील, विमानाने."

"किती दिवस?"

"चार-पाच. ताप कधी सुरू झाला?"

मी म्हटलं, "काल रात्री."

तिने लिहून घेतलं. तिसरं खोटं. ते बोलताना पहिल्या दोनाइतकाही त्रास झाला नाही.

खोली

खोलीला एक खिडकी, तिच्यातून एक चिंचेचं झाड. एक काचेचं दार. सकाळी सहाला फिनेलचा वास, सातला इंजेक्शन, आठला इडली किंवा उपमा, कागदाच्या ताटलीत. ताटली नंतर पिवळ्या पिशवीत जाई आणि जाळली जाई. माझे कपडेही जाळले. मोबाइल तेवढा प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला. पिशवीवरूनच बटणं दाबायची.

पहिले दोन दिवस ऑक्सिजन होता. त्यांतलं फारसं आठवत नाही. श्वास मोजायचो, एवढं आठवतं. शेडमध्ये कोंबडी मान लांब करून, चोच उघडी टाकून श्वास घ्यायला लागली की मी तिच्याकडे बघून मिनिटाचे श्वास मोजायचो आणि कागदावर आकडा लिहायचो. आता माझा आकडा ती डॉक्टर लिहीत होती. तिला आकडा आवडला नाही की ती काही न बोलता ऑक्सिजनची कळ थोडी फिरवायची.

वॉर्डात खादरभाई होते. साफसफाई, जेवण, पिशव्या नेणं, सगळं तेच. याच इस्पितळात वीस वर्षं क्षयाच्या रुग्णांत काढलेली. बाकीच्यांनी या वॉर्डाला नाही म्हटलं, तेव्हा हे आले. एकदा त्यांना विचारलं, "खादरभाई, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"डरतूं साब. मेरेकू दो बेटियां हैं," ते पोछा मारत म्हणाले. "मगर आप इधर पड़े हैं. कोई तो आना ना."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐसा छत को नक्को देखो. छत में कुछ नहीं है. झाड़ देखो, झाड़."

मी झाडाकडे बघू लागलो. त्याने बरं वाटलं. अशा वेळी माणसाला काय बरं वाटेल, ते डॉक्टरपेक्षा पोछा मारणाऱ्याला जास्त कळतं, असं माझं मत झालं आहे.

आईला फोनवर ऐकू येत नाही. म्हणून तिने चिठ्ठी पाठवली. ती सांगणार आणि पल्लवी लिहिणार. पल्लवी मराठी बोलते, पण शिकली तेलुगू आणि इंग्रजी. खादरभाईंनी चिठ्ठी आणून दिली. "बाबा, आजी बोलत आहे मी लिहत आहे. चूका होतिल. आजी म्हणती आहे की गरम पानी पि. आजी म्हणती आहे रामरक्षा म्हण. दुधवाला येत नाही कारन त्याच्या म्हशिला आपला रोग लागेल. खालच्या पद्मा आंटी दुध देतात. दारात ठेउन बेल मारतात. मी बायॉलॉजी केली. आजी रडत नाही."

शेवटचं वाक्य आजीने सांगितलेलं नव्हतं, हे उघड होतं.

वैजयंती

शुक्रवारी दुपारी फोन आला. वैजयंतीचा आवाज नेहमीसारखा, वर्गात हजेरी घेतल्यासारखा.

"मी तुमच्याच वॉर्डात आहे. दुसऱ्या टोकाच्या खोलीत."

मी उठून बसलो.

"सकाळी अकराला घसा दुखायला लागला. थर्मामीटर लावला, शंभर होता. माणिक्यम्मांना लगेच फोन केला. साडेबाराला गाडी आली. आई आणि पल्लवी घरीच आहेत, दोघींना ताप नाही. त्यांचेही नमुने घेतले."

नंतर मला पद्मा आंटींकडून कळलं की ती बॅग स्वतः उचलून, मान वर करून, सगळ्या उघड्या-झाकल्या दारांसमोरून खाली उतरली. जाताना पल्लवीला दारातून सांगितलं, "त्रिकोणमितीची प्रश्नावली संपव. मी विचारणार आहे."

फोनवर तिने एवढं सांगितलं. मग म्हणाली, "डॉक्टर मला विचारत होत्या, नवऱ्याला ताप कधीपासून होता. मी म्हटलं, बुधवारपासून. त्या म्हणाल्या, एक्स-रे बघून तसं वाटत नाही. कधीपासून होता?"

"मंगळवार..."

"खरं सांगा."

"सोमवार दुपार."

मला वाटलं पिशवीत चुकीचं बटण दाबलं जाऊन फोन कट झाला.

"माणिक्यम्मा सोमवारी आल्या होत्या," ती म्हणाली.

"मी गोळी घेतली होती. त्या यायच्या आधी."

"सोमवारी संध्याकाळी तुम्ही पल्लवीला शेजारी बसवून शिकवलंत."

"हो."

"आईच्या ताटातला भात घेतलात."

"हो."

तिने फोन ठेवला.

शनिवार आणि रविवार मी तिला फोन करत राहिलो. तिने घेतला नाही. आमच्यात खोल्या होत्या पाच. तिचा खोकला मला ऐकू यायचा. खोकला कोरडा आहे की ओला, हे ओळखायचा प्रयत्न करत मी पडून राहायचो. खादरभाई जाऊन येऊन बातमी द्यायचे. "मैडम बैठे हैं. मैडम उपमा आधा छोड़े. मैडम बच्ची से फोन पे गणित पूछ रहे."

भीतीबद्दल मला विचारतात. पहिल्या दोन दिवसांत मरायची भीती होती, ती ऑक्सिजनबरोबर कमी झाली. शनिवार-रविवारची भीती वेगळी होती. माझा अहवाल काय येईल याची मला तेव्हा पर्वा राहिली नव्हती. पुण्याच्या प्रयोगशाळेत चार कुप्या होत्या आणि त्यांतल्या तिघींना मी तिथे पोचवलं होतं. एकीचं वय पंधरा, एकीचं पंच्याहत्तर. मी रामरक्षा म्हणायचा प्रयत्न केला, पण मधल्या ओळी आठवेनात. शेवटी शनिवारी संध्याकाळी डॉक्टर आली तेव्हा मी सांगितलं, "तारीख चुकीची सांगितली होती. ताप सोमवारी दुपारी सुरू झाला."

ती म्हणाली, "माहीत आहे. तुमच्या पत्नीने काल सांगितलं." मग कागदावरचं आधीचं खोडून नवीन लिहिलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

अहवाल

सोमवारी सकाळी सव्वाअकरा वाजता डॉक्टर काचेच्या दारात आली. हातात फॅक्सचा कागद. दार उघडायच्या आधी बाहेरूनच तिने मान हलवली. नकारार्थी. मला वाटलं संपलं. मग तिच्या लक्षात आलं आणि ती आत येऊन म्हणाली, "निगेटिव्ह. म्हणजे चांगलं. तुम्ही चौघंही."

मला आनंद झाला असं लिहायला हवं. खरं म्हणजे मला झोप आली. बसल्या जागी डोळे मिटायला लागले. ती पुढे सांगत होती ते तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं. माझा न्यूमोनिया साध्या जंतूंचा होता. तो कोंबड्यांकडून आला नव्हता. धूळ, थकवा, घामात भिजून पंख्याखाली झोपणं, काहीही कारण असेल. वैजयंतीचा साधा फ्लू, जो त्या दिवसांत अर्ध्या शहराला होता. तो तिला माझ्याकडून आला नव्हताच. शाळेतूनच आला असणार.

म्हणजे लपवल्यामुळे कुणाचं काहीच बिघडलं नव्हतं. या गोष्टीने मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, आणि का वाटलं नाही याचा मी बराच विचार केला. सोमवारी दुपारी पलंगावर बसलो होतो तेव्हा हा कागद माझ्यापाशी नव्हता, एवढंच उत्तर मिळालं.

वैजयंतीला मंगळवारी सोडलं. जाताना ती माझ्या काचेसमोर थांबली. सहा दिवसांत तिचा चेहरा बारीक झाला होता. फोन कानाला लावला. मी माझा उचलला.

"मी घरी जाते. पल्लवीच्या शाळेने डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागितलंय, ते घेतलं. परीक्षेला बसू देतील."

"बरं."

"औषधं वेळेवर घ्या."

"वैजू, माझं चुकलं."

"हो," ती म्हणाली. बॅग उचलली आणि गेली.

मला आणखी आठ दिवस ठेवलं. सुटलो त्या दिवशी खादरभाईंनी पहिल्यांदा मास्क काढला. त्यांना पांढरी दाढी आहे हे मला तेव्हा कळलं.

घरी

घरी सगळं जागच्या जागी होतं. दूधवाला परत सुरू झाला होता. आईने भाकर-तुकडा ओवाळून टाकला आणि जवळ घेतलं. पल्लवीने परीक्षेचं वेळापत्रक दाखवलं. वैजयंती माझ्याशी बोलायची. औषध, जेवण, वीजबिल, सगळं. पण पूर्वी ती शाळेतून आल्यावर अर्धा तास मला त्या दिवसाच्या गमती सांगायची, ते बंद झालं होतं. आता ती त्या गमती आईला सांगायची, मोठ्या आवाजात. मी शेजारच्या खोलीत ऐकायचो.

परीक्षा संपल्यावर एका रविवारी मी तिला म्हटलं, "किती वेळा माफी मागू?"

ती कैरीच्या फोडी करत होती. विळीवरून मान वर न करता म्हणाली, "माझी कशाला? मी तुमची बायको आहे. तुम्ही आजारी पडलात की माझा धोका ठरलेलाच. त्या बाई रोज तुमच्या तोंडात हात घालत होत्या. त्यांना सांगितलंत का?"

सांगितलं नव्हतं. मनातही आलं नव्हतं.

माणिक्यम्मा

दुसऱ्या दिवशी अंबरपेठच्या केंद्रात गेलो. माणिक्यम्मा लसीच्या पेट्या आवरत होत्या. मला बघून आनंदल्या. खुर्ची दिली, पोरीचे पेपर कसे गेले विचारलं. मी सगळं सांगितलं. गोळी, चार वाजता, साडेतीन वाजता, उकडतंय म्हटलेलं.

त्यांनी ऐकून घेतलं. पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "सार्, तुमच्याकडून मी थेट घरी जायचे. सून कामावर असते. जाऊन नातवाला भरवायचे, ह्या हाताने. अकरा महिन्यांचा आहे."

मी त्यांच्या हाताकडे बघत राहिलो.

"मंगळवारी मला शंका आली होती," त्या म्हणाल्या. "पण म्हटलं, हे डॉक्टर आहेत. हे कशाला लपवतील?"

माफी मागितली. त्यांनी हाताने थांबवलं. "झालं ते झालं. आता माझं एक काम करा. लपवणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत. कुणी क्षय लपवतं, कुणी पोरीची कावीळ लपवतं, लग्न मोडेल म्हणून. मी रोज सांगते, माझं कोण ऐकतं? गुरुवारी दुपारी कम्युनिटी हॉलमध्ये बायका जमतात. तुम्ही या आणि बोला."

"काय बोलू?"

"आत्ता मला सांगितलंत तेच."

गुरुवारी गेलो. तीसेक बायका होत्या, सात-आठ पुरुष, काही मांडीवरची मुलं. वैजयंतीला मी चल म्हटलं नव्हतं. घरून निघताना कुठे जातो ते फक्त सांगितलं होतं. मी उभा राहिलो तेव्हा ती मागच्या दारातून आत आली आणि भिंतीजवळच्या खुर्चीवर बसली.

अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या दखनी उर्दूत बोललो. बर्ड फ्लूवर कमी, सोमवार-मंगळवारवर जास्त. सगळं एका दमात सांगून टाकलं. पुढच्या रांगेतली एक भाजीवाली बाई मध्येच म्हणाली, "डॉक्टर असून लपवलंत?"

"हो."

"तुम्हाला तर माहीत होतं पुढे काय होतं ते."

"माहीत होतं म्हणूनच लपवलं."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "आणि आम्हाला वाटायचं शिकलेली माणसं घाबरत नाहीत." हॉलमध्ये हशा पिकला. मलाही हसू आलं.

हसणं थांबल्यावर तिसऱ्या रांगेतला एक माणूस उठून उभा राहिला. चाळिशीचा असेल, अंगात लॉरी ड्रायव्हरचा खाकी शर्ट. खाली बघत म्हणाला, "मला दोन महिन्यांपासून खोकला आहे. परवा रक्त पडलं."

माणिक्यम्मा उठून त्याच्याकडे जाऊ लागल्या. त्याच्या शेजारी बसलेल्या बायकोने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. तिला माहीत नव्हतं. मांडीवरचं मूल तिने छातीशी घट्ट धरलं आणि ती तशीच बघत राहिली.

वैजयंती भिंतीजवळून उठली. रांगांमधून वाट काढत पुढे आली आणि त्या बाईच्या शेजारी जाऊन बसली. बसण्याआधी तिने एकदा माझ्याकडे बघितलं. कितीतरी आठवड्यांनी असं, सरळ.